जानेवारीतला हिशेब, मे महिन्यातली वसुली

बँकेत तेहतीस वर्षे काढली. त्या नोकरीने मला एक खोड लावून ठेवली आहे. कुणी कागद पुढे केला की मी आधी आकडा पाहत नाही, तारीख पाहतो. बायको म्हणते, लग्नपत्रिकासुद्धा तुम्ही ताळेबंदासारखी वाचता. असेल. पण ताळेबंद कोणत्या दिवसाचा आहे हे कळल्याशिवाय त्यातल्या आकड्याला काही अर्थ नसतो, हे मी फार उशिरा आणि बरेच काही गमावून शिकलो. एकदा शिकूनही पुन्हा विसरलो. ही त्या विसरण्याची गोष्ट.

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी माझा भाचा असाच एक कागद घेऊन घरी आला. पुण्यातली ती बोचरी थंडी होती. पोह्यांच्या बशीतून वाफ निघत होती आणि भाचेरावांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. वर्षभरापूर्वी त्याने टर्बोवाली पेट्रोल गाडी घेतली होती, तीन सिलिंडरच्या लहानशा इंजिनाची. आदल्या दिवशी तो ती ‘ट्यून’ करून घेऊन आला होता. म्हणजे इंजिनाला एकही नवा सुटा भाग न बसवता, त्याच्या संगणकातला हिशेब तेवढा बदलून आणला होता. कागदावर दोन वक्ररेषा होत्या. खालची मूळची, वरची नवी. १०८ अश्वशक्तीची १३८ झाली होती.

“मामा, तीस घोडे फुकटात!”

“फुकटात?”

“म्हणजे चाळीस हजार लागले. पण इंजिन तेच आहे की! कंपनीवाले मुद्दाम बांधून ठेवतात हो त्याला.”

मी सवयीने तारीख पाहिली. १३ जानेवारी. आणि नेमका तिथेच चुकलो. तारीख वाचली, पण तिचा अर्थ विचारला नाही. उलट त्याच्या शेजारी बसून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फेरी मारून आलो. गाडी खरोखरच उधळत होती. “झकास आहे रे,” असे म्हणालो. मामाने झकास म्हटले की भाच्याच्या दृष्टीने कर्ज मंजूर झाल्यासारखेच असते.

मे महिन्यात नागपूरला एक लग्न होते. माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, वय वर्षे एकाहत्तर, तिच्या सासरकडचे ते कार्य. रेल्वेची तिकिटे मिळाली नव्हती. तेव्हा ताई, भाचा, सूनबाई आणि मी असे चौघे पहाटे निघालो. आहेराच्या साड्यांसह मागची डिकी खच्चून भरलेली. नगर, छत्रपती संभाजीनगर करीत समृद्धी महामार्गाला लागलो. मेहकर मागे पडले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि गाडीतला काटा बाहेरचे तापमान ४४ अंश दाखवीत होता. रस्ता उत्तम. आत एसी गार. ताईला डुलकी लागलेली.

पुढे एक लांबलचक ट्रेलर होता. भाच्याने त्याला मागे टाकायला पाय दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा एक बारीक आवाज आला. मला वाटले, खालून खडी उडाली. मग गाडीने एक गचका दिला, समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला आणि वेग पडला. ट्रेलर शेजारी, मागून दुसऱ्या गाड्यांचे दिवे, आणि आमची गाडी थरथरत, निम्म्या जिवाने चाललेली. कशीबशी ती डाव्या कडेला आली आणि थांबली. इंजिन बंद झाले, तसा एसीही.

ओढून नेणारी गाडी यायला दोन तास लागले. ते दोन तास मी विसरणार नाही. बंद गाडीत बसवेना, बाहेर उभे राहवेना. कठड्यापलीकडे एका किडक्या बाभळीच्या सावलीत आहेराच्या साडीचे छत करून ताईला बसवले. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तासाभराने ती म्हणाली, “अरे, मला गरगरतंय.” तिचा हात हातात घेतला तर तो कोरडा आणि तापलेला. त्याच वेळी एका ट्रकवाल्याने आम्हाला पाहून ट्रक कडेला घेतला, पाण्याचा अख्खा कॅन आणून दिला, ताईच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि तिला केबिनच्या सावलीत बसवून पंख्याचा वारा दिला. नाव न सांगता निघून गेला. लग्न आम्हाला मिळाले नाही, ताई मात्र मिळाली. त्या माणसाचे उपकार आहेत.

गाडी पुण्याला आली. इंजिन उघडले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवर, जिथे रिंगा बसतात त्या दोन खाचांमधली कड तुटून पडली होती. भाच्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्याला खर्चाचे दुःख नव्हते, खर्च दीड लाखाच्या घरात गेला तरी. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, “जानेवारी ते मार्च काहीच नव्हतं हो, मामा. मग आत्ताच का?”

गॅरेजचे मिस्त्री साठीचे, माझ्याच पिढीतले. ते म्हणाले, “साहेब, थंडीत स्कूटर आडवी करून उभी करायची आणि मग किक मारायची, आठवतं? चोक ओढल्याशिवाय हलायची नाही. तेव्हा हवामान गाडीत दिसायचं. आता सगळं संगणक सांभाळतो, म्हणून माणूस विसरला. हवामान कुठं गेलं नाही.”

मग त्यांनी आणि भाच्याने मिळून मला जे समजावले, आणि नंतर मी जे वाचून काढले, ते आपल्यापुढे मांडतो. ज्यांच्या घरी ट्यून केलेली गाडी नाही त्यांनाही ते उपयोगी आहे, कारण हल्ली साध्या कुटुंबाच्या गाडीतही टर्बो असतो.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर ते हवेवरच चालते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त हवा कोंबली पाहिजे. ते काम टर्बो करतो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तापलेल्या वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आजच्या लहान गाडीतला हा भोवरा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो.

आता शाळेतले भौतिकशास्त्र आठवा. हवा तापली की फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत तिचे वजन कमी भरते. आपल्याकडच्या तापमानाला ढोबळ हिशेब असा की, दर तीन अंशांना एक टक्का. पहाटेच्या १० अंशांची हवा आणि दुपारच्या ४४ अंशांची हवा, दाब तोच धरला, तर त्यांच्या वजनात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडतो. जानेवारीत गाडी उधळते ती यामुळे. थंड हवा म्हणजे जास्त प्राणवायू.

एवढेच असते तर उन्हाळ्यात गाडी थोडी मंद झाली असती आणि गोष्ट संपली असती. साध्या इंजिनात बव्हंशी तसेच होते. पण टर्बोवाल्या इंजिनाचा संगणक मंदपणा सहजासहजी मान्य करीत नाही. ठरलेली ताकद द्यायची, तर विरळ हवा अधिक जोराने दाबायची. आणि हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तेच. हवेचा दाब दुप्पट केला आणि दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर १० अंशांची हवा शंभराच्या आसपास पोचते. ४४ अंशांची हवा एकशे चाळीसच्या पुढे जाते. म्हणजे बाहेरचा चौतीस अंशांचा फरक आत गेल्यावर चाळिसाच्या वर जातो. माझ्या भाषेत सांगायचे तर, व्याजावर व्याज.

ही तापलेली हवा गार करायला टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर नावाची जाळी असते. ती वाऱ्यावर चालते. पण बाहेरच्या हवेपेक्षा गार ती करू शकत नाही. शिवाय एसीचीही जाळी बहुधा तिथेच पुढे असते आणि आपली उष्णता तिच्यावर ओतते. वाहतुकीत गाडी खोळंबली तर वाराच नाही, मग ती जाळीच तापते.

इतकी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की खरा धोका सुरू होतो. स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत सरकायला हवी. पण कोपऱ्यातले मिश्रण आधीच तापलेले आणि दाबलेले असेल, तर ज्वाला पोचण्याआधीच ते आपण होऊन भडकते. तो धक्का पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. डब्यातल्या खड्यांचा आवाज तो हाच. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे या अवेळी भडकण्याला ते किती विरोध करते याचे माप.

हे दुखणे टर्बोइतकेच जुने आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो मोटार निघाली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण शिंपडण्याची वेगळी सोय होती, आणि त्या पाण्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव होते. मिश्रण संपले की गाडी आपोआप टर्बोचा दाब कमी करी. पुष्कळ मालकांनी ते पुन्हा भरण्याची तसदी घेतली नाही. दोन वर्षांत ती मोटार बंद झाली. यंत्राला किती काळजी लागते यापेक्षा माणूस किती काळजी घेईल, याचा अंदाज बांधणे अवघड, हा धडा त्यातून कारखानदारांनी घेतला असावा.

म्हणून आजच्या गाडीत इंजिनाला कान असतात. नॉक सेन्सर हा आवाज टिपतो आणि संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. त्याने धोका टळतो, पण ताकद पडते आणि बाहेर जाणारा वायू अधिक तापतो. याशिवाय संगणकात एक कोष्टक असते. आत येणारी हवा इतकी गरम झाली तर दाब इतका कमी करा, असे सांगणारे. नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी कारखानदार ती वाळवंटात आणि बर्फात, उंच घाटांत चालवून पाहतात. ते हिशेब करतात तो सर्वांत वाईट दिवसाचा. रणरणता मे, भरलेली गाडी, चालू एसी, सुमार पेट्रोल, जुने प्लग, आणि निष्काळजी मालक. एवढे सगळे एकाच दिवशी जमून आले तरी इंजिन फुटू नये, म्हणून ते थोडी शक्ती राखून ठेवतात.

भाचा ज्याला ‘बांधून ठेवलेले घोडे’ म्हणत होता, ते हे. ते बांधलेले नव्हते, राखीव होते.

ट्यून करणाऱ्याने जानेवारीत काय केले ते नंतर दुसऱ्या जाणत्याने संगणक उघडून दाखवले. टर्बोचा दाब वाढवला होता, ठिणगी लवकर केली होती. इथपर्यंत ठीक. पण तापमानाचे ते कोष्टकही सैल केले होते, म्हणजे गाडी कुठे मागे हटणार नाही. गाडी थंड हवेत, समोर मोठा पंखा लावून, काही सेकंद रोलरवर पळवली आणि वक्ररेषा छापली. असे आकडे २५ अंशांसारख्या एका प्रमाण तापमानाला जुळवून देण्याची पद्धत आहे. मात्र कागदावरचा आकडा २५ अंशांना जुळवता येतो, पिस्टन जुळवता येत नाही. त्याला त्या दिवशी जे तापमान असेल तेच सोसावे लागते.

हे ऐकताना मला गाडी दिसत नव्हती. मला मराठवाड्यातली एक तेलगिरणी दिसत होती.

मी तेव्हा नवा अधिकारी होतो. गिरणीमालक सज्जन, कष्टाळू. तारण मालावर बँक कर्ज देते तेव्हा मालाच्या पूर्ण किमतीइतके कधीच देत नाही. काही भाग मालकाचा स्वतःचा असावा लागतो, त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. भाव पडला, माल खराब झाला, तर तो धक्का त्या मार्जिनने सोसायचा. मालक म्हणाले, “साहेब, पंचवीस टक्के पैसा नुसता अडकून पडतो. पंधरा करा, बघा गिरणी कशी पळवतो.” वर्ष सुगीचे होते. गोदाम भरलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मी शिफारस केली. गिरणी खरोखर पळाली, एक हंगाम. पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली, शेंग आली नाही, होत्या त्या तेलाचा भाव ऐनवेळी पडला आणि खाते थकले. शेवटी यंत्रे विकावी लागली. पंचवीस टक्के असते तर तो माणूस तरला असता. त्याने मला कधी दोष दिला नाही. वरिष्ठांनीही नाही. ताळेबंद खरा होता, आकडे खरे होते. फक्त ते चांगल्या दिवसाचे होते.

आणि तरी जानेवारीत मी “झकास आहे रे” म्हणालो होतो.

ही गोष्ट ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे ट्यून करूच नये का?” मला तसे वाटत नाही. तरुण माणसाला यंत्राकडून थोडे अधिक काढावेसे वाटते यात वावगे काही नाही. मार्जिन पंचवीसचे वीस करता येते. पण ते करताना कोणता ऋतू डोळ्यांसमोर आहे, हे ठरलेले असावे. थंड मुलखात हाच हिशेब उलटा लागतो. उत्तर अमेरिकेत जिथे उन्हाळ्यात ३० आणि हिवाळ्यात उणे २० अंश असतात, तिथे हवेचे वजन वीस टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यात ट्यून केलेल्या गाडीला हिवाळ्यात तेवढे पेट्रोल पुरवता आले नाही, तर तिथेही इंजिनाला इजा होते. आपल्या पावसाळ्याची गंमत वेगळी. कोकणातल्या ओल्या हवेत बाष्प तीन-चार टक्के जागा अडवते, म्हणून ताकद किंचित घटते. पण तेच बाष्प ज्वलन थोडे शांत ठेवते. श्रावणात गाडी मऊ चालते असे जे वाटते, तो सगळाच भास नसतो.

घरच्या गाडीसाठी मिस्त्रींनी सांगितलेल्या चार गोष्टी देतो. थंडीच्या सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी हळू चालवावी, टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि गार तेल जड असते. लांबून किंवा घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करावे. उन्हाळ्यात वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम पाय दाबू नये, लहान टर्बो इंजिनांना ते विशेष बाधते. आणि इंजिनाचा दिवा उघडझाप करू लागला तर ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नये. ट्यून करणाऱ्यांसाठी माझी बँकेतली भर एवढीच, की वॉरंटीची आणि विम्याची कागदपत्रे आधी वाचावीत. बदल लपवून घेतलेले संरक्षण ऐनवेळी संरक्षण राहत नाही.

गाडी दुरुस्त झाल्यावर भाच्याने वर्षभर ती मूळच्या हिशेबावरच चालवली. एप्रिल २०२५ मध्ये, पुण्यातल्या एका तापलेल्या दुपारी, त्याने ती पुन्हा ट्यून करून घेतली. या वेळी काम करणाऱ्याने कोष्टक जागेवर ठेवले, गाडी भर उन्हात, एसी लावून, चढावर चालवली आणि नॉकिंगची नोंद पाहत पाहत दाब ठरवला. तीस घोड्यांचे सतराच राहिले.

संध्याकाळी तो कागद घेऊन आला. ताईही आली होती. “मला विचाराल तर,” ती म्हणाली, “नागपूरला मी रेल्वेनेच जाईन.” सगळे हसले, भाचा जरा कमी हसला. त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. तारखेच्या शेजारी त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते : दुपारी तीन, बाहेरचे तापमान ४० अंश.

मी आधी तारीख वाचली, मग ती ओळ, आणि मग आकडा. पोहे त्या दिवशी नव्हते. कैरीचे पन्हे होते.